चाकावरचा हात

मागच्या खोलीत आमची मुलगी झोपायची. तिचं लग्न झालं आणि तिच्या पलंगाच्या जागी मिलिंग मशीन आलं. धातूचा तुकडा टेबलावर बांधायचा, वर कटर फिरतो, खाली टेबल सरकतं आणि तुकडा हवा तसा कापला जातो. एवढं मला कळतं, कारण त्यातून उडणारा ॲल्युमिनियमचा चुरा मीच झाडते. तो उशीवर सापडतो, पिठाच्या डब्यात सापडतो, एकदा यांच्या दाढीच्या ब्रशात सापडला.

हे म्हणजे माझा नवरा. सगळी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, हातानं चाकं फिरवून असलंच मशीन चालवण्यात. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा, मग मापं चुकायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कारखान्यानं निरोप दिला. काही दिवस यांनी भिंतीकडे बघत काढले. मग भंगारातून एक जुनं मशीन उचलून आणलं, जावईबापूंना कामाला जुंपलं, टेबलाला मोटरी जोडल्या आणि मोटरींना कॉम्प्युटर. "हात चालत नाही तर नाही. डोकं शाबूत आहे ना," म्हणाले. मी म्हटलं, त्याबद्दल नंतर बोलू.

जुनी चाकं काढून टाकली, एक सोडून. टेबल लांबीला सरकवायचं चाक तसंच ठेवलं. मोटर चालली की तेही गरगर फिरायचं.

पहिलं काम यांच्या जुन्या फोरमननी दिलं. त्यांचा आता स्वतःचा छोटा कारखाना आहे. छोट्या पट्ट्या करायच्या, प्रत्येकीत चार भोकं, आणि भोकांची जागा केसभरही हलता कामा नये. पहिली खेप परत आली. दुसरीही आली. माणूस भला, फोनवर अवघडून बोलले, "या वेळी जमवा बुवा. नाहीतर मला दुसरीकडे द्यावं लागेल." यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "हे गेलं तर मी करायचं काय? नुसतं बसून राहायचं?" असलं हे कधी बोलत नाहीत.

जावईबापूंनी फोनवर समजावलं. "बाबा, ही मोटर बारीक बारीक टप्प्यांनी फिरते. कॉम्प्युटर सांगेल तेवढे टप्पे टाकते. वेग वाढला की तिचा जोर कमी होतो. थोडा अडथळा आला तरी टप्पे हुकतात. आणि हुकले हे कॉम्प्युटरला कळत नाही, तो आपला पुढे कापत सुटतो." म्हणजे स्वभाव अगदी आमच्या घरातलाच.

वेग कमी केला. पट्ट्या बरोबर यायला लागल्या, पण एकेका पट्टीला इतका वेळ, की फोरमनची खेप पुरी होईपर्यंत त्यांचं गिऱ्हाईक म्हातारं झालं असतं. वेग वाढवला की भोकं सरकायची. "माझ्या मशीनवर याच मोटरी याहून जोरात चालतात," जावईबापू म्हणायचे, "तुमच्याच मशीनला काय झालंय?" हे वेग वाढवायचे, कमी करायचे, पुन्हा वाढवायचे. मी झाडायची. दोघंही पार थकून गेलो होतो.

एका दुपारी वेग वाढवून यांनी पट्टी लावली आणि पाठ धरली म्हणून पुढच्या खोलीत जाऊन आडवे झाले. "तू बस इथं. काही वेडंवाकडं झालं तर लाल बटण दाब." मी मटार सोलत बसले. पट्टी झाली तशी हाक मारली. मोजायचं व्हर्निअर यांच्या हातात ठरत नाही, म्हणून मी धरते आणि आकडा वाचते. वाचला.

"पुन्हा वाच."

पुन्हा तोच. किती तरी दिवसांनी हे हसले. "सापडला वेग," म्हणाले, आणि लगेच दुसरी पट्टी लावली. आता कसली पाठ आणि कसलं काय. स्वतः उभे राहिले.

आणि यांचा उजवा हात चाकावर गेला. मी ते रोजच बघत होते, पण लक्ष त्या दिवशी गेलं. जोर नव्हता त्यात, नुसता तळवा टेकवलेला. चाक त्याखाली फिरत होतं, हात थरथरत होता, आणि मधेच मोटर घोगरी झाली, जरा अडली, पुन्हा चालू लागली. ती पट्टी चुकली.

"अहो, हात काढा," मी म्हणाले.

"कुठला हात?"

"चाकावरचा. मघाशी तुम्ही इथं नव्हता, तेव्हा बरोबर आली."

हे चाकाकडे बघत राहिले. "हात ठेवल्याशिवाय कटर धातू कसा खातोय ते कळणार कसं?"

"कळायला कशाला हवं?" माझा आवाज चढला. दमले होते मी. बोलून गेले आणि जीभ चावली.

यांनी हात पाठीमागे बांधले आणि तिसरी लावली. बरोबर आली. चौथीला निम्म्यावर हात आपोआप चाकावर गेला, यांच्याही नकळत. मोजायची गरजच नव्हती. मग यांनी पाना घेतला आणि चाकाचा नट सोडवायला बसले. पाना नटावर बसेना, घसरायचा, खाली पडायचा. मी मदतीला गेले नाही, तेवढी अक्कल मला आहे. शेवटी चाक निघालं. यांनी ते पुढच्या खोलीतल्या पलंगाखाली सारलं आणि हात धुवून आले.

वेग नंतर आणखी वाढवला. खेप पास झाली, मागोमाग दुसरं काम आलं. फोरमन खूश, जावईबापू तर फारच. पट्टी बांधणं, सोडवणं, मोजणं माझ्याकडे, कारण बारीक स्क्रू यांच्या बोटांत राहत नाहीत. हे समोर स्टुलावर नुसते बसून असतात, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून. मशीन सरसर चालतं. थांबलं की विचारतात, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणते. हे मान हलवतात.

काल एक पट्टी हातात घेतली आणि मला अगदी मनापासून वाटलं, ही तरी चुकलेली निघू दे. मोजली. बरोबर होती.