कोरड्या हौदाची तोटी

आधीच सांगते, मी असल्या भानगडीत पडणारी बाई नाही. सासूबाई दृष्ट काढायला मोहऱ्या बाजूला काढून ठेवतात आणि मी त्याच फोडणीला घालते... आजवर घरात कुणाचं काही वाकडं झालेलं नाही. बीडमध्ये जागा-घरं विकून द्यायचा माझा धंदा आहे. "त्या घरात काहीतरी आहे हो" असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी समजते, याला भाव पाडायचाय. तरीही हे लिहितेय. वाचून हसायचं तर खुशाल हसा, मी स्वतः बऱ्याचदा हसते.

घर धारूरच्या घाटाच्या पायथ्याला, एका खेड्यात, डांबरी रस्त्याला लागून. गावाचं नाव सांगत नाही, उद्या तिथं मोबाईल घेऊन जत्रा लोटेल. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन नाना, त्यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर ते बांधलं. दुष्काळी कामावर आलेला एक तरणा आर्किटेक्ट नानांनी धरूनच ठेवला होता म्हणे. त्यानं काय बांधून ठेवलंय! सगळं उघडं काँक्रीट, त्यावर फळ्यांच्या खुणा तशाच. खिडक्यांच्या जागी विटांची जाळी. दार समोरून दिसतच नाही, दोन भिंतींमधून वळून जावं लागतं. आणि छप्पर उलटं... जगातली छपरं पाणी बाहेर टाकतात, हे चारी बाजूंनी आत घेतं आणि अंगणाखालच्या हौदात सोडतं. त्याचे फोटो तेव्हा मुंबईच्या इंग्रजी मासिकात छापून आले होते. गावाचा मात्र एकच प्रश्न होता, नाना गिलावा कधी करणार?

हौदाला दोन तोट्या. घर उतारावर आहे, त्यामुळे पाणी आपोआप खाली येतं. एक तोटी स्वयंपाकघरात, दुसरी बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीत, गावासाठी. गंमत अशी, की घराच्या तोटीचा पाइप हौदात हातभर वर बसवलाय आणि रस्त्याचा अगदी तळाला. म्हणजे पाणी उतरलं की घराची तोटी आधी बंद पडणार, गावाची शेवटपर्यंत चालणार. सोसायटीत नानांचा नियमच होता, आधी सभासद, चेअरमन शेवटी. तोच त्यांनी भिंतीत बसवून घेतला. यावरून माईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, नानांना जन्मभर ऐकवलं. चेअरमनची बायको, आणि उन्हाळा लागला की घागर घेऊन स्वतःच्याच घराबाहेर रांगेत!

नाना गेल्यावर माई एकट्या राहिल्या. गुडघे गेले, मग एकदा न्हाणीत पडल्या, तेव्हा पुण्याची लेक म्हणाली, आता बास, माझ्याकडं यायचं. घर विकायचं काम माझ्याकडं आलं. माईंची अट एकच होती, घर पाडायचं नाही. बाकी काय द्यायचं ते द्या म्हणाल्या.

मला वाटलं, मासिकात आलेलं घर, हातोहात जाईल. कसलं काय! एकतर सलग तिसरं कोरडं साल. हौदात पालीसुद्धा राहीनात. पुण्याहून एक जोडपं आलं, त्यातला तो शेंडी बांधलेला. बैलबाजारात बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा भिंतीवरून हात फिरवत होता, मास्टरपीस मास्टरपीस म्हणत होता. मग त्याच्या बायकोनं पाण्याचं विचारलं. मी टँकर म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. अंबाजोगाईचे एक गुरुजी आले, घराच्या मधोमध छपराला भोक बघून वास्तुदोष म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

शेवटी आले रशीदभाई. बीडमध्ये त्यांचा फळांचा ठोक धंदा आहे, कच्चे आंबे-केळी आणून पिकवायला रस्त्यालगत जागा हवी होती. माणूस सरळ. मला म्हणाले, खोटं कशाला बोलू, मला घर नको, जागा पाहिजे, घर पाडणार. हे माईंना जाऊन सांगायचं माझ्यावर आलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,

"लेकीचा जीव टांगणीला लागलाय, पोरी. पाडू दे. मी कुठं हाय बगायला?"

खरं सांगते, मला रडू आलं. आजवर पन्नास घरं विकली असतील, पण एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

इसारपावती करायचं ठरलं, त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं अंगणातल्या काँक्रीटच्या ओट्यावर बसलो होतो. मे महिना, वर आभाळ पांढरंफटक. टँकर चार-पाच दिवस फिरकला नव्हता, तरी माईंनी गूळ-पाणी पुढं केलंच. रशीदभाई घर बघून, हौदात डोकावून आले आणि हसायला लागले. म्हणाले, मिस्त्रीनं नळ उलटे बसवलेत, घरवाल्यालाच पाणी कमी. माई म्हणाल्या, मिस्त्रीनं न्हाई, आमच्या मालकानं, आणि सगळी हकिगत सांगितली. रशीदभाई "कमाल माणूस" एवढंच म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. मला वाटलं टँकर आला. जाळीतून बघते तर टँकर नाही... भिंतीतली तोटी चालू! चांगली मनगटाएवढी धार. बायका घागरी-कळश्या घेऊन पळत येत होत्या.

मी बाहेर जाऊन धारेखाली हात धरला. पाणी गार होतं, माठातल्यासारखं. रशीदभाईंचा विश्वास बसेना. आत जाऊन त्यांनी हौदाचं झाकण सरकवलं आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेला तो माणूस शिडीवरून थेट खाली उतरला. मी तोटीपाशीच उभी होते. आणि पाण्याच्या आवाजातून, त्याच तोटीतून, रशीदभाईंचा आवाज आला.

"ओ ताई, इथं तर नुसती धूळ हाय. पाइपात हात घातलाय मी. कोरडा ठणठणीत हाय बघा."

मी ओल्या हातानं तशीच उभी. तोटीला तोंड लावून ओरडले, की इथं वाहतंय. पलीकडून रशीदभाईंनी पाइपावर दोनदा ठोकून बघितलं. मग म्हणाले, "या अल्ला."

बायांना याचं काही नव्हतं. त्या मला म्हणाल्या, बाजूला सरका, रांग आहे. रशीदभाई धुळीनं माखून वर आले, हात धुवायला पुढं झाले, तर त्यांनाही रांगेत मागं लावलं. ते गपचूप उभे राहिले. त्यांच्याही मागं माई आल्या, काठी टेकत, कमरेवर घागर. पुढं या म्हटलं तर येईनात. सगळ्यांचं झालं, रशीदभाई ओंजळीनं पोटभर पाणी प्यायले, माईंची घागर काठोकाठ भरली... आणि धार बारीक होत होत थांबली.

घागर रशीदभाईंनी खांद्यावर घेतली आणि आत नेऊन ठेवली. पेन ओट्यावर तसंच पडलं होतं. ते उचलून म्हणाले, "माई, घर घेतो. पाडत न्हाई. आन् तोट्या जिथल्या तिथंच ऱ्हातील."

माई रडायला लागल्या. मी आपली धंद्याची बाई, विचारलंच की असं एकाएकी का? तर म्हणाले, "ताई, पुन्हा कधी यायचं झालं, तर पाण्याला यायला जागा पायजे न्हवं?"

त्यांची केळी आता मागच्या मोकळ्या जागेत पिकतात आणि घरात त्यांचा धाकटा मुलगा-सून राहतात.

पाणीपुरवठा खात्यात असलेले माझे दीर म्हणतात, कुठंतरी अडकलेलं पाणी सुटलं असेल. असेल बाबा. पण पाइप सरळसोट एकच, मधे सांधा नाही, त्यातून आवाज आला, पलीकडचा हात कोरडा आणि माझा ओला. कुणाला याचं उत्तर सुचलं तर जरूर सांगा, मला अजून सापडलेलं नाही. परवा फोनवर माईंनाही विचारलं, नक्की काय होतं हो ते? पुण्याला जाऊन आवाज चांगला खणखणीत झालाय त्यांचा.

म्हणाल्या, "पाणी आलतं, भरलं. कावून आलं ते इचारीत बसलो असतो, तर घागर रिकामी ऱ्हाईली असती."