हरलेल्याची मिरवणूक

कुणाला भांग चढते, कुणाला भजन चढतं. आमच्या आत्यांना मतदान चढायचं. निवडणूक जाहीर झाली की त्यांचा आवाज एक पट्टी वर जायचा, आणि मतदानाच्या दिवशी तर उजाडताच मोरपंखी काठाची साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून त्या परळच्या आमच्या चाळीत दारं वाजवत निघायच्या. "उठा गो! आंघोळी मागाहून करा. देव थांबतो, रांग थांबत नाही!" सकाळी सकाळी अंगावर शाल गुंडाळून, डोळे चोळत, आत्यांच्या मागून चालणारी आमची ती फौज पाहून नाक्यावरचा चहावाला न विचारता मोठं पातेलं चढवायचा.

आत्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दादांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच बिऱ्हाडात राहिल्या आणि बघता बघता साऱ्या चाळीच्या आत्या झाल्या. शाळेत शिवण शिकवायच्या. निवडणुकीची ड्यूटी लागायची वेळ आली की बाकीच्या बायकांना एकाएकी कंबरदुखी सुरू व्हायची. आत्या मात्र डबा, पाण्याची बाटली आणि उशी बांधून अशा निघायच्या, जणू माहेरपणाला चालल्यात. मत देऊन आल्यावर शाईचं बोट त्या भांड्यांना लावू देत नसत. त्यामुळे दोन दिवस सगळी भांडी वहिनी एकट्या घासायच्या आणि लोकशाहीच्या नावानं खडे फोडायच्या.

एवढी हौस, पण मत कुणाला द्यायचं याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. उलट कुणी सांगू लागलं तर दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. "सांगू नको मला! सांगितलंस तर कान धुवावे लागतील. तुझं मत आहे ना, मग पोटात ठेव." चाळीत कुणाच्या घरी किती तोळे सोनं आहे आणि कुणाचा जावई कुणाशी बोलत नाही हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. गुपित म्हणून शिल्लक राहिलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती आत्यांनी जिवापाड जपलेली.

मी शीवची. लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा चाळ कमिटीची निवडणूक म्हणजे काय हे पहिल्याच वर्षी पाहिलं. सगळ्यांनी खाली चौकात बसायचं, कुणीतरी म्हणायचं, "सेक्रेटरी दादाच, हात वर करा," आणि हात वर व्हायचे. सासूबाईंचा हात वर गेला की माझा जायचाच. खाली राहिला असता तर रात्री जेवणात मीठ जास्त झाल्याचं कळलं असतं. दादा वाईट नव्हते हो. नळ गळला तर स्वतः पाना घेऊन यायचे. पण वर्षानुवर्षं तेच सेक्रेटरी, आणि कमिटीच्या ऑफिसची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. त्या किल्लीनं कधी दुसरा खिसा पाहिला नव्हता.

मग चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बिल्डरशी कोण बोलणार, घरं कशी मिळणार, हे सगळं कमिटीच्या हातात जाणार होतं. तळमजल्यावरची सुजाता उभी राहते म्हणाली. पोस्टात नोकरी, भीमजयंतीची सगळी व्यवस्था हिच्याच हातात, आणि वरचे लोक आमचं ऐकूनच घेत नाहीत हे तोंडावर सांगायची तयारी. त्याच बैठकीत आत्या उठल्या आणि म्हणाल्या, "या वेळी हात वर नाही. चिठ्ठीनं मतदान. पडद्यामागे."

दादा हसले. "आपल्याच माणसांत पडदो कशाक गो?"

"आपल्याच माणसांत जास्त लागतो, दादा," आत्या म्हणाल्या.

 ज्या भावाच्या खोलीत राहायचं, त्याच्याच खुर्चीखाली ही बाई सुरुंग लावत होती. त्या रात्री मी त्यांना विचारलं, "आत्या, उद्या दादा रागावले तर जाल कुठे?" आत्या म्हणाल्या, "घर दादाचं आहे. मत माझं आहे. दोन्ही एकाच कपाटात कशाला ठेवू?" आणि खुदकन हसल्या.

निवडणूक अधिकारी अर्थातच त्याच. पहिल्याच दिवशी त्यांनी आचारसंहिता लावली: मतदान होईपर्यंत कुणी कुणाच्या घरी वाटी पाठवायची नाही. आता मालवणी माणसांच्या चाळीत वाटी बंद म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं! आमच्याकडे तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, केल्या की निम्म्या शेजारी जातात आणि वाटी रिकामी परत येत नाही. सासूबाईंनी सवयीनं तिसऱ्यांचं वाटीभर सुकं मला दिलं, मी गॅलरीत चार पावलं गेले नाही तोच आत्या समोर. "झाकण काढ. कुणाकडे चाललीय?"

"शेजारी, आत्या."

"शेजारी मतदार आहेत. परत फिर."

सासूबाई दारातून ओरडल्या, "अगो, तिसऱ्यांनी काय मत फिरतलां?" आत्या वाटीत डोकावल्या, वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या हातच्या तिसऱ्या असतील तर फिरेल." सासूबाईंना राग येईना आणि हसूही आवरेना. पण चाळीचे हाल झाले. आठवडाभर प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच घरचं जेवावं लागलं, आणि कुणाकुणाची घरं आजवर शेजारच्या वाटीवर चालत होती ते उघड झालं.

निशाण्या सोडत काढून दिल्या. दादांना मोदक हवा होता. आत्यांनी देवाधर्माचं चालणार नाही म्हणून सपशेल नाकारला. सोडतीत सुजाताला शिट्टी आली आणि दादांना कंगवा. दादांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. आख्खी चाळ पोट धरून हसली. दादा म्हणाले, "बदलून दे." आत्या म्हणाल्या, "बदलून मिळत नाही." शेवटी दादांचे पुतणे दाराशी येऊन पडेल आवाजात "कंगव्याला मत द्या" म्हणायचे आणि आत हसणं फुटायच्या आधी पळायचे.

मतदान गणपतीच्या खोलीत. आडोसा म्हणून मखराचा जरीचा पडदा बांधला, आणि इथेच घोटाळा झाला. तो पडदा दिसला की आमच्या माणसांचे हात आपोआप जुळतात. म्हातारे चपला काढून आत जायचे, नमस्कार करून, पोह्यांच्या डब्याच्या मतपेटीत चिठ्ठीबरोबर जास्वंद टाकून बाहेर यायचे आणि आत्यांपुढे प्रसादाला हात पसरायचे. आत्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अहो, आत देव नाही, तुम्हीच आहात!"

जाताना सासूबाई कानात म्हणाल्या होत्या, "कंगव्यावर मार गो." मी पडद्याआड गेले. बाहेर गलका चालू होता, आणि आत मी एकटी. लग्न झाल्यापासून त्या चाळीत मी कधी एकटी उभी राहिले नव्हते. माझ्या हातात पेन होतं आणि बघायला कुणी नव्हतं. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की फुली मी दोनदा गिरवली. फुली कुठे मारली ते पोटात आहे, पोटातच राहील.

सुजाता थोडक्या मतांनी निवडून आली. तळमजल्यावर शिट्ट्यांचा कल्लोळ झाला, गुलाल उधळला गेला, आणि दादा जिना चढून खोलीत गेले. किल्ली खिशातच. दुसऱ्या दिवशी सुजाता मागायला गेली तर दादा दार अर्धं उघडून म्हणाले, "मी देवचंय नाय." तिसऱ्या दिवशीही तेच. खालची पोरं हातोडा घेऊन आली. वरचे लोक जिन्यात उभे राहिले. आठवडाभर हसणारी चाळ दोन मजल्यांत चिरली जाईल अशी वेळ आली. आत्या ऑफिसच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "कुलूप तोडलंत तर मतदान झालंच नाही असं समजा," म्हणाल्या. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

संध्याकाळी मला म्हणाल्या, "चूक माझीच. जिंकणाऱ्याला खुर्ची मिळते, वर गुलाल मिळतो. हरणाऱ्याला काय ठेवलं आपण? घरी जाऊन भिंतीकडे बघत बसायचं? कशाला देईल तो किल्ली!" मग एकदम डोळे चमकले. "अगं, आपण हरलेल्याचीच मिरवणूक काढू!"

दुसऱ्या दिवशी लालबागहून बेंजोवाले आले. दादांच्या दारात वाजवायला लागले तसे दादा लाल होऊन बाहेर आले. "माझी चेष्टा करतस?"  सुजाता पुढे झाली, तिनं दादांच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "दादा, टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मला शिकवाल ना?"

दादांनी डोकं तिच्यापुढे झुकवलं. मग म्हणाले, "फेटो घट्ट बांध. पडतलो."

काय मिरवणूक झाली म्हणून सांगू! प्रत्येक गॅलरीतून दादांना फिरवलं, प्रत्येक दारात ओवाळलं. आत्या साडी खोचून बेंजोपुढे नाचत होत्या, मागे सासूबाई, मागे मी, आणि ज्यांनी दादांना पाडलं ते सर्वांत पुढे. चौकात दादांनी लांबलचक भाषण केलं, त्यात गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचा चाळीतला प्रत्येक नळ आला. मग खिशात हात घालून किल्ली काढली, सुजाताच्या हातावर ठेवली आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत आणि हसत होत्या. "आता झाली निवडणूक," म्हणाल्या.

त्यानंतर आमच्याकडे हरलेल्याची मिरवणूक काढायची पद्धतच पडली. दोन तरुण तर केवळ मिरवणुकीसाठी उभे राहिले असं म्हणतात.

गेल्या पावसाळ्यानंतर आत्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं. तेराव्यानंतर दादा एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात आले. "चल, मतदार नोंदणीच्या ऑफिसात जावचा हा." तिथे त्यांनी आत्यांच्या मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला आणि यादीतून त्यांचं नाव काढायचा अर्ज मागितला. समोरचा माणूस चकित झाला. "आजोबा, यासाठी आपणहून कुणी येत नाही. नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात. एवढी काय घाई?"

दादांनी चष्मा पुसला. "माझ्या बहिणीच्या नावावर दुसऱ्या कुणी मत टाकलां," ते म्हणाले, "तर तिका सहन होवचा नाय."

सही करताना त्यांचा हात थांबला. मी पेन घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. सही त्यांनीच केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.