उशिरा आलेली चाल

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर नाशिक रोडच्या खोलीत लेकीच्या कॉम्प्युटरपुढं बसून त्याच्या चालीची वाट पाहिली. आज नातीच्या मोबाइलवर बुद्धिबळाची चाल डोळा लवायच्या आत येते आणि ती संध्याकाळ छातीवर बसते.

तो बुद्धिबळाचा प्रोग्राम आमच्या मंगलनं स्वतः लिहिलेला. बायकोनं मुद्दाम वजीर पुढं टाकला होता. तो मारला की कॉम्प्युटरचं डबडं हरलं. तिला धाप लागलेली, सकाळी दवाखान्यात भरती करायचं होतं. डबडं नुसतं घरघरत होतं.

“आई, मशीन हळू आहे,” मंगल म्हणाली. “लगेच चाल मागितली तर ते पुढचं फार बघणार नाही, फसेल.”

“बंद कर मग!” मी खेकसलो.

“अहो, बघू द्या त्याला सावकाश,” म्हणत बायको तिथंच आडवी झाली.

पहाटे ती गेली. उजाडलं तेव्हा पडद्यावर चाल आली होती. आजचा वेग तेव्हा असता तर तिनंच पाहिली असती. मला बुद्धिबळातलं काही कळत नाही. रडणाऱ्या मंगलला मी विचारलं, “फसलं का गं?” तिनं नकारार्थी मान हलवली. मग बायकोच्या कानाशी वाकून मी सांगितलं, “नाही फसलं तुझ्या पोरीचं डबडं.”