गच्चीवरचं स्वातंत्र्ययुद्ध
नव्या चहापत्तीचं पाकीट फोडलं की त्या वासाबरोबर मला आखाती देशातल्या, अल् घुब्र्यातल्या आमच्या इमारतीची गच्ची आठवते. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी मुलांनी तिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं नाटक बसवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या, रत्नागिरीच्या चाचांनी आपल्या दुकानातली चहाची रिकामी खोकी दिली होती आणि करावर चिडून चहा समुद्रात फेकायचा, म्हणून निळी चादर पसरून समुद्र केला होता. इंग्रज व्हायला कोणीच तयार होईना, म्हणून माझ्या लेकीला लाल कोट घालून कर मागायला उभं केलं. मराठी अडखळत बोलायची ती. तिची वाक्यं मीही ओठांत पुटपुटत होते. "चहावर कर द्या!" ती म्हणाली. "आम्हाला न विचारता कर का लावला?" मुलं ओरडली. लेक विचारात पडली. "खरंच, तुम्हाला कोणी विचारलं नाही? मग नका देऊ," असं म्हणून तिने कोट काढला आणि पहिलं खोकं स्वतःच समुद्रात फेकलं. टाळ्या पडल्या, पण लढायला इंग्रजच उरला नाही. मुलं रडकुंडीला आली. तेव्हा चाचा उठले, तो इवलासा कोट खांद्यावर टाकून गरजले, "यल्ला, चला, या लढायला!" बसायला आणलेल्या उशांचा असा मारा झाला की शेवटी ते चादरीवर आडवे होऊन म्हणाले, "खलास! घ्या बाबांनो तुमचं स्वातंत्र्य!" लेक आता कॉलेजात इतिहास शिकते. त्या युद्धाची खरी कारणं ती मला नीट समजावून सांगते, मी मान डोलावते, पण इंग्रज हरले म्हटलं की मला दिसतात ते हसून हसून धाप लागलेले चाचाच.