रास अल खैमाचे बॉयलरकाका

बॉयलरकाका कुणाच्याही घरी आले की हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायचे आणि घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचे. "खरं सांगा, कोणी कोणी हात लावला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत बॉयलरकडे ते ढुंकूनही बघत नसत. नवरेमंडळी हमखास कानावर हात ठेवायची. मीही ठेवले होते. शेवटी माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "पप्पा डिड इट, अंकल. विथ अ नाइफ." काका हसले नाहीत. "सुरी कुठे खुपसली ते दाखव," एवढंच मला म्हणाले.

आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं दुबईजवळच्या रास अल खैमात जुन्या व्हिलांमध्ये भाड्याने राहत होतो. तिथे गॅसवर पाणी तापवणारे बॉयलर होते आणि नेमके थंडीत ते रुसायचे. काका आमच्याच टाइल्सच्या कारखान्यात भट्टीचे बर्नर सांभाळत. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमचे बॉयलर. त्यांचा क्रम कधी बदलला नाही. आधी सिलिंडर, मग ठिणगीची बॅटरी, मग पाण्याची जाळी, आणि झाकण सगळ्यात शेवटी. "फॉल्ट सिंपल असतो रे, आपण उगाच डोकं लावतो," म्हणायचे, आणि निम्म्या वेळा जाळीत टाकीतली वाळूच निघायची. ज्योत पिवळी दिसली मात्र, की त्यांची चेष्टामस्करी बंद. "यल्ला, चला, खिडक्या उघडा, सगळे बाहेर, विषारी वायू आहे." धुराचा पाइप साफ होईपर्यंत त्या घरात कुणाची आंघोळ होत नसे.

तेरा वर्षं ते कंपनीच्या कॅम्पमध्ये एकटे राहिले. काकू इचलकरंजीत शाळेत शिकवायच्या, मुलगी तिथेच वाढली. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात काकांना बढती मिळाली आणि कुटुंब आणण्याइतका पगार झाला. माणूस एकदम मोकळा झाला. पडद्यांचा रंग कोणता घ्यावा, हे माझ्या बायकोला विचारायला लागला.

त्याच वर्षी मंदीमुळे दुबईतले टॉवर अर्धवट थांबले आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. मी एचआरमध्ये होतो. कमी करायच्या माणसांची यादी मीच टाइप केली. तिसऱ्या पानावर काकांचं नाव होतं. मॅनेजरने बजावलं, "एक लफ्ज बाहर गया तो तुम्हारा नाम भी इसी में." वरून मंजुरी यायची होती, तोवर तोंड बंद ठेवायचं होतं.

पुढच्याच शुक्रवारी आमचा बॉयलर बिघडला. बटण सोडलं की ज्योत विझायची. ज्योतीशेजारची कांडी गेली होती, ती काकांनी बदलली. हात पुसता पुसता म्हणाले, "हिला राजीनामा द्यायला सांगतोय. वीस वर्षांची पर्मनंट नोकरी आहे. तू ऑफिसात असतोस, खरं सांग, सांगू ना?"

"थोडं थांबलात तर..." मी म्हणालो.

"का? काही ऐकलंस का?"

आत मुलगी शाळेचा अभ्यास करत होती. बायको चहा गाळत होती. "नाही, सहज म्हटलं," मी म्हणालो. घरोघरी प्रत्येकाच्या बोलण्यावर शंका घेणाऱ्या त्या माणसाने माझ्यावर मात्र विश्वास ठेवला.

काकू मुलीला घेऊन जानेवारीत आल्या. मार्चमध्ये काकांचं पत्र निघालं, आणि ते द्यायचं कामही माझ्याकडेच आलं. पत्रात यादीची तारीख होती, नोव्हेंबरची. खाली टाइप करणाऱ्याची म्हणून माझी अद्याक्षरं होती. काकांनी पत्र दोनदा वाचलं. तारखेवर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी सही केली आणि पेन मला परत दिलं.

जायच्या आदल्या दिवशी तिघं निरोप घ्यायला आले. काकूंनी सरळ विचारलं, "तुम्ही तर ऑफिसातच होतात ना? आधी काहीच कळलं नव्हतं का हो?"

काका बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला काय कळणार? सगळं वरून आलं. तो नुसता टाइप करतो."

काकूंना ते पटलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो, आणि त्याची लाज मला आजही वाटते. दारातून निघताना काकूंनी माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "तुमची नोकरी तरी टिकू दे बाई देवा."

ती टिकली.