फुकटची गोळी

आमच्या घरात फुकट मिळालेली वस्तू आधी उलटीपालटी करून बघतात. हा स्वभाव बाबांचा, पण माझ्यात तो जरा जास्तच उतरला. आमच्या भागात सोयाबीन नवं नवं आलं होतं तेव्हा कुठल्याशा कंपनीची माणसं जीप घेऊन आमच्या गावी, साखऱ्याला आली आणि बियाण्याच्या छोट्या पिशव्या वाटून गेली. सगळ्या गावानं आनंदानं घेतल्या. बाबांनी आमची पिशवी आढ्याला टांगली ती टांगलीच. हे लोक आज चटक लावतील आणि पुढच्या वर्षी पैसे मागतील, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी तीच पिशवी सेनगावच्या दुकानात विकायला दिसली, तेव्हा बाबा आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत हिंडत होते.

त्यामुळे दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, आईच्या आजारावरची गोळी कंपनी फुकट देणार आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आम्हा बापलेकीची पहिल्यांदा नजरानजर झाली. आनंद नंतर झाला, आणि तोही पुरता नाही.

आई बरेच दिवस डाव्या बरगडीखाली जड लागतं म्हणत होती. चार घास खाल्ले की पोट भरायचं. खुरपणीला गेली की बांधावर बसून राहायची, आणि बसून राहणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्यात की इथं काही होणार नाही, औरंगाबादला न्या असं सांगितलं. मी तेव्हा जवळा बाजारला शाळेत शिकवत होते, लग्न होऊन तिथंच राहत होते. रजा टाकली आणि आई-बाबांना घेऊन एसटीनं औरंगाबाद गाठलं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात आईच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. तो तपासायला कुठं लांब पाठवला. तो अहवाल आला त्या दिवशी आई रक्त द्यायला आत गेली होती आणि डॉक्टरांनी मला आणि बाबांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. डॉक्टर तरुण होते, बारीक अंगाचे, बोलताना पेन सारखं उघडझाप करणारे. आपल्या पेशींत गुणसूत्रं असतात, त्यातल्या दोघांचे तुकडे पडून ते एकमेकांना उलटे चिकटलेत, असं त्यांनी दाखवलं. त्या जोडाच्या जागी एक नवंच जनुक तयार झालंय. त्याला ते ऑन्कोजीन म्हणाले, म्हणजे कर्करोग घडवणारं जनुक. एरवी पेशीला वाढ आणि थांब असे दोन्ही हुकूम असतात. हे जनुक फक्त वाढ एवढंच म्हणत राहतं.

बाबा कागदाकडे बघत म्हणाले, "म्हंजी मोटारीचं बटन अडकून बसलं."

डॉक्टरांना ते फार आवडलं. बरोबर, म्हणाले, आणि ही नवी गोळी त्या बटणावरच जाऊन बसते. पूर्वीची औषधं चांगल्यावाईट सगळ्याच पेशींना झोडपायची, ही नेमकी त्या बिघडलेल्या जनुकाचं काम बंद पाडते. रोज घ्यायची, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. बंद मात्र करायची नाही. बरं वाटलं तरी नाही. गोळीची किंमत ऐकून आमचं तोंड उतरलं, तेव्हा त्यांनी ते फुकटचं सांगितलं. ज्यांना परवडत नाही त्यांना कंपनी देते. कागदपत्रं द्यायची, दर तीन महिन्यांनी यायचं आणि आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणून दाखवायची.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता बाबांनी विचारलं, "फुकट काहून देऊन राहिले? आपून त्यांचे कोण?"

मलाही तेच विचारायचं होतं. त्यात त्या रिकाम्या पाकिटांनी डोक्यात भुंगा लावला. औषध संपल्यावर त्याचा कागद कुणाला कशाला हवा? बाबांचा अंदाज असा, की नवं औषध आपल्यावर लावून बघतायत आणि हिशोब वर पाठवतायत. मला वाटलं, आपण गोळ्या बाहेर विकू असा त्यांना संशय आहे. हे माझं खरं निघालं. गोळ्या देणाऱ्या खिडकीतल्या बाईंनीच मला तसं सांगितलं. मला राग आला. आपण त्यांच्यावर संशय घेतो ते ठीक, पण त्यांनी आपल्यावर का घ्यावा, असं मला वाटलं. आता त्याचं हसू येतं.

आईनं यातलं काहीच विचारलं नाही. सगळ्यांत कमी संशयी तीच, अशी माझी समजूत होती. गोळीनं तिला मळमळायचं, डोळ्यांखाली सूज यायची, पिंढऱ्यांत गोळे यायचे. तरी पहिल्या काही महिन्यांतच पोटातला तो जडपणा ओसरला, पेशी उतरल्या आणि ती पुन्हा भाकरीवर भाकरी टाकू लागली. डॉक्टर खूश. आम्ही बापलेकी खूश, पण सावधपणे. बाबा रिकामी पाकिटं दोऱ्यानं बांधून, पिशवीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन बसायचे. कुणी त्यांना चोर म्हणू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसऱ्या वर्षी पेशी पुन्हा चढू लागल्या. आधी थोड्या, पुढच्या खेपेला जास्त. डॉक्टरांचं पेन उघडझाप करायचं थांबलं. त्यांनी सांगितलं, कधी कधी ते जनुक स्वतःत बदल करतं, आणि मग गोळी त्याच्यावर नीट बसत नाही. तसं झालं असेल तर पुढचा रस्ता अवघड आहे. एकदा का आजार पुढच्या पायरीवर गेला, की महिन्यांचीच बात. गोळी नियमित चाललीय ना, हे त्यांनी तीनतीनदा विचारलं. आई मान हलवत राहिली. बाबांनी पाकिटांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

आता माझ्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. गोळ्याच बनावट असतील का? जुन्या चांगल्या होत्या, आता नादी लावून हलक्या देतायत का? मी खिडकीतल्या बाईंकडून पाकिटावरचे क्रमांक तपासून घेतले, ते बरोबर निघाले. मग संशय घराकडे वळला. पाकिटं बाबांच्या ताब्यात असतात. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि घरात ओढाताण होती. गोळीची बाहेर किंमत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी साखऱ्याला गेले तेव्हा त्यांना ओसरीवर गाठून सरळ विचारलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुह्या आईच्या गोळ्या मी इकीन व्हय?" आणि उठून गोठ्याकडे गेले. मी पाठोपाठ गेले नाही. त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं ते आठवलं की अजूनही मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

त्याच खेपेला आईनं मला लोणचं काढायला सांगितलं. ती वाड्याबाहेर शेण थापत होती. फळीवर दोन बरण्या होत्या. मी चुकीची उघडली. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला होता, आमच्याकडे डाळींत आणि ज्वारीत घालतात तसा. पाला बाजूला केला तर खाली गोळ्या. आईच्या गोळ्या, पाकिटातून काढलेल्या, पाल्याच्या थरांत नीट मांडलेल्या. बरणी निम्म्याच्या वर भरली होती.

ती शेणाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. मी ओरडले की काय केलं, मला आठवत नाही. तिचं उत्तर मात्र जसंच्या तसं आठवतं.

"बरं वाटाया लागल्यापून एक दिवसाआड खाते मी. बाकीच्या तुह्यासाठी ठेवल्यात. मह्या मायच्या पोटात असाच गोळा व्हता, मंग मला झाला. आता तुह्यावरच येईल. तवर ह्ये फुकटचं चालू राहील का, कोणाला ठाव? कीड लागू नये म्हून पाला घातला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांच्या बोलण्यातला जीन हा शब्द तिच्या कानावर पडला होता, आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका शिकलेल्या माणसाला तिनं विचारलं होतं, जीन म्हणजे काय हो भाऊ. त्यानं सांगितलं, जे आईबापाकडून लेकराला जातं ते. त्याचं काही चुकलं नव्हतं. आईनं त्यावर पुढचा सगळा हिशोब स्वतःच मांडला होता. पाकीट रिकामं दिसावं म्हणून सगळ्या गोळ्या काढायच्या, एक खायची, एक बरणीत टाकायची. कंपनीला, डॉक्टरला, बाबांना आणि मला तिनं एकाच वेळी फसवलं होतं. आमच्या घरात सगळ्यांत संशयी माणूस कोण, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथंच चुलीपाशी बसून रडले, आणि तिनं धुतलेल्या ओल्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू आजारी मीच होते.

मी तिला समजावलं, हे असं आईकडून लेकीकडे जात नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, तू तर म्हणणारच. गोळ्या पुऱ्या खा म्हटलं की व्हय म्हणायची, पण तिचं व्हय मला आता पुरत नव्हतं. शेवटी बरणीसकट तिला औरंगाबादला नेलं.

डॉक्टरांनी बरणीत हात घालून पाला वर काढला आणि खालच्या गोळ्या बघितल्या. रागावले नाहीत. आईला शांतपणे सांगितलं, की हा बिघाड जन्माबरोबर येत नाही. "तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्यातही नव्हता. कितीतरी वर्षांनी हाडातल्या एका पेशीत तो झाला. तुमची मुलगी त्याच्या आधीच जन्मली आहे. तिला तो तुमच्याकडून कसा येईल?" आजीच्या पोटातला गोळा कशाचा होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण तो या वाटेनं आला नाही एवढं नक्की, असंही म्हणाले.

आईनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुमाला लेक हाय का, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी समोरच्या अहवालाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आहे."

"मंग तिची आन घेऊन सांगा."

मी मध्ये बोलणार होते, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या मुलीची शपथ. तुमच्या मुलीला हे तुमच्याकडून येणार नाही."

आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, त्या दिवशीची गोळी मागून घेतली आणि त्यांच्यासमोर गिळली. बरणीतल्या गोळ्या मात्र टाकून द्याव्या लागल्या, त्याची तिला हळहळ वाटली.

माझा स्वभाव कुठं जाणार. नव्या गोळ्या घेताना मी खिडकीतल्या बाईंना सहज विचारलं, डॉक्टरांची मुलगी केवढी आहे? त्या हसल्या. "कुठली मुलगी? त्यांच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे."

मी गोळ्या घेऊन बाजूला झाले. हे खोटं असेल तर बाकीचं खरं कशावरून? बाबांजवळ बोलायची सोय नव्हती. पुढच्या आठवड्यात हिंगोलीला जाऊन मी गुपचूप माझं रक्त तपासून घेतलं, ते ठीक निघालं. कॉलेजात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून जाड पुस्तक आणून त्यातलं ते प्रकरण दोनदा वाचलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. खोटी होती ती फक्त मुलगी. आईला मी हे सांगितलं नाही.

ती रोज जेवण झालं की बाबांसमोर गोळी घेऊ लागली. पेशी उतरायला वेळ लागला, पण उतरल्या. जनुकानं रूप बदललं नव्हतं. त्याला निम्मंच औषध मिळत होतं, इतकंच. आणि दर खेपेला, रक्ताचा अहवाल बघायच्या आधी, आई डॉक्टरांना विचारायची, लेक बरी हाय ना? ते म्हणायचे, बरी आहे. कधी ती शेंगदाणे न्यायची, कधी कोवळा हुरडा. ते घ्यायचे, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे.

अशी काही वर्षं गेली. डॉक्टरांचं लग्न झालं, हे खिडकीतल्या बाईंकडून मला एकटीलाच कळलं; त्यांचे केस थोडे पिकले. एका खेपेला आईनं हुरड्याची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आता केवढी झाली हो लेक?"

डॉक्टर अडखळले. लेकीच्या प्रश्नावर त्यांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं माहीत आहे हे त्यांना कळलं. आई उत्तराची वाट बघत होती. तिचे डोळे बारीक झाले होते. ते डोळे मी ओळखत होते.

"शाळेत जाते ती, आई," मी म्हणाले. "पहिलीला आहे."