सायंसमयी एकटीच

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आत ओळखते. तुम्ही समजून घ्याल म्हणून सांगतोय, असंही नाही. सांगायचं ठरवलंय, एवढंच.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी उरणला शाळामास्तर होतो आणि मुंबईच्या एका दैनिकाचा वार्ताहरही. बातमीचं पाकीट मोरा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर तांडेलाच्या हाती द्यायचं. दोन दिवसांनी छापलेला अंक त्याच लाँचने यायचा. धक्क्यावर जाळी विणत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना वाचता येई, म्हणून अंक मीच मोठ्याने वाचून दाखवायचो. लोक बातम्या ऐकायला जमत. मी जात होतो तो माझाच आवाज ऐकायला — हेही आज कबूल करून टाकतो.

एका सकाळी एक मुलगी आईला घेऊन माझ्या दारात आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिचं नाव सांगणार नाही. आदल्या दिवशी ती कालवं काढायला खाडीवर गेली होती. ओहोटी संध्याकाळची होती, म्हणून संध्याकाळी गेली. आमच्याकडच्या बाया घड्याळ बघून निघत नाहीत, पाणी ओसरलं की निघतात. हे मला ठाऊक नव्हतं? माझ्या घरात तीच कालवं शिजत होती! परतताना मिठागराच्या बांधावर तिथल्या नरहरी मुकादमाने तिला गाठलं. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला होता. ती रडत नव्हती. खाली बघतही नव्हती.

"मास्तर, मना नरहरी मुकादमानं खाली पारला. मी वरडले, कोन नव्हता. त्याचा नाव लिवा."

पेपरात आलं की फौजदार हलेल, असं तिच्या आईला वाटत होतं. मी मान डोलावली. लिहितो म्हणालो.

आता — इथेच माझी लेखणी नेहमी अडते. नरहरी मुकादम रोज संध्याकाळी वाचनालयात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. मिठागराचे मालक शाळेच्या कमिटीवर होते. मला कुणी धमकावलं का? नाही. कुणी निरोप पाठवला? तोही नाही. कुणी भिववायच्या आधीच मी भ्यालो. आणि भित्रेपणाला सभ्य कपडे घालायला मला चांगलं येत होतं. संपादक माझ्या 'संयत' भाषेची तारीफ करत असत.

मी लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे. "सायंसमयी खाडीकिनारी एकटीच गेलेल्या एका तरुणीवर नको तो प्रसंग ओढवल्याचे समजते. तरुणींनी योग्य ती खबरदारी घेणे इष्ट." खाली तिच्या बापाचं नाव आणि पाडा. कालवं नाहीत, ओहोटी नाही. मुकादम तर नाहीच. जणू तो प्रसंग आभाळातून पडला होता.

अंक आला. मी धक्क्यावर बसून वाचला — नेहमीच्या ठसक्यात, तिच्या बापाच्या नावासकट. बाप समोरच जाळं घेऊन बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, हातातली सुतळी गुंडाळली आणि तो घरी गेला. मी पुढची बातमी वाचायला घेतली.

आठवड्याभरात माझे शब्द घराघरांत पोचले. ज्या बाया स्वतः त्याच ओहोटीला खाडीवर जात, त्याही म्हणायला लागल्या, एकटीच कशी गेली? फौजदाराने तिला हाच प्रश्न तीनदा विचारला आणि तक्रार बाजूला ठेवली. ठरलेलं लग्न मोडलं. तिला पनवेलकडच्या एका बिजवराला देऊन टाकलं. मुकादम माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत राहिला, आणि मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो.

बारा वर्षांनी ती मला पनवेलच्या बाजारात दिसली. मासळीची, वाकट्यांची पाटी पुढ्यात होती. मी वळून निघणार होतो, पण तिने हाक मारली. सासूने माझ्या त्या बातमीचं कात्रण पेटीत जपून ठेवलं होतं, भांडणात काढायला, असं तिने सांगितलं. ते लेकीच्या हाती लागलं.

"मास्तर, मना वाचता येत नाय. पोर चवथीन हाय, तिनी वाचला. मना इचारते, आये, तू सांजची यकटी कनाला गेल्तीस? काय सांगू तिला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. लिहिलं होतं मीच ना. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, मोठी झाली की कळेल. आणि छत्री उघडून चालता झालो.

त्या मुलीला जे कळायला हवं होतं ते असं होतं. तुझी आई कालवं काढायला गेली होती. नरहरी मुकादमाने तिच्यावर बलात्कार केला. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभं राहून त्याचं नाव सांगितलं, आणि मी ते लिहिलं नाही.